गावची शाळा, देशाचा खर्च

निपाणी किंवा खानापूर तालुक्यातल्या एखाद्या सरकारी मराठी शाळेचा खर्च नेमका कोण करतो? महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, ८६५ गावांची मागणी, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सारे जाणकार वाचकाला ठाऊक असते. या लिखाणात शाळा येते ती बहुधा माध्यमाच्या वादापुरती. तिचा जमाखर्च मात्र क्वचितच कोणी उघडून पाहतो. तो पाहिला तर सीमाप्रश्न आणि देशातल्या सार्वजनिक शिक्षणाचा प्रश्न एकाच जागी भेटतात, असे माझ्या ध्यानात आले. वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर हा जमाखर्च चाळावा, एवढीच या प्रस्तावनेमागची इच्छा आहे.

अशा शाळेत तुम्ही कधी गेलात तर आधी भिंतींकडे पाहा. वर्गखोली कुठल्या योजनेतून बांधली, हे तिथे रंगवलेले किंवा दगडावर कोरलेले असते. शिक्षकांचा पगार बेंगळुरूच्या तिजोरीतून येतो. मुलांच्या हातातली मराठी पुस्तके कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ छापतो. कन्नडबरोबर मराठी, उर्दू, तमिळ, तेलुगू अशा भाषांतून पुस्तके काढण्याचे काम हे राज्य वर्षानुवर्षे करत आले आहे आणि त्याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे. माध्यान्ह आहाराचे धान्य केंद्राकडून येते, तर शिजवण्याचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. ‘समग्र शिक्षा’ ही २०१८ पासूनची योजना. तिच्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असे प्रमाण आहे. म्हणजे शाळा गावची, सरकार बेंगळुरूचे, भाषा पलीकडच्या राज्याची आणि धान्य दिल्लीचे. यातला दिल्लीचा वाटा किती असावा आणि तो कोणत्या हक्काने मागावा, हाच आपला विषय.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो या परिसरात दीडशे वर्षे मुरलेला आहे. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८६० च्या दशकात इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्याचा तिसरा हिस्सा गावच्या शाळांसाठी ठेवला गेला. शाळेसाठी कर शेतकऱ्याने द्यायचा, ही रीत तिथून रूढ झाली. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी याच जागी बोट ठेवले. सरकारचा महसूल कुणब्याच्या घामातून उभा राहतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. शाळेच्या खर्चावर विचार करणाऱ्या मराठी वाचकाने सुरुवात या निवेदनापासून करावी. कर कोणी भरला आणि शाळा कोणाला मिळाली, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला ते शिकवते.

पुढचे नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. त्यांचे वडील कागलला नोकरीस होते आणि गोखल्यांचे सुरुवातीचे शिक्षण तिथेच झाले. कागल निपाणीहून महामार्गाने अर्ध्या तासाच्या आत येते. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यातली सक्ती सर्वांच्या लक्षात राहिली. पण मला त्यातला हिशेब अधिक मोलाचा वाटतो. सक्ती करायची तर खर्चाचे दोन तृतीयांश सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावेत, असा त्यांचा आग्रह होता. पैशाशिवाय सक्ती म्हणजे गरिबावर नुसता हुकूम, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. १९१२ च्या मार्चमध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. आज बेळगाव जिल्ह्यात असलेला रायबाग भाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता. सीमाभागाचा शिक्षणाचा इतिहास १९५६ पासून सुरू होतो, अशी समजूत असणाऱ्यांनी रायबागची आठवण ठेवावी.

१९१९ च्या सुधारणांनी शिक्षण प्रांतांकडे गेले आणि हिंदुस्थान सरकारने त्यातून जवळजवळ हात काढून घेतला. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, हार्टोग समितीने ही ताटातूट दुर्दैवी असल्याचे नोंदवले. स्वातंत्र्यानंतरही शिक्षण राज्यांच्याच यादीत राहिले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आले, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्याही जबाबदारीचे झाले. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करावेत असे १९६६ मध्ये सांगितले होते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही तोच आकडा उद्दिष्ट म्हणून पुन्हा लिहावा लागला.

इथे थोडे थांबून निपाणीकडे वळू या, कारण फुल्यांच्या प्रश्नाचे उत्तर या गावाइतके स्पष्ट फार कमी ठिकाणी मिळते. निपाणी तंबाखूची बाजारपेठ आहे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायांच्या कष्टावर हा व्यापार उभा राहिला. कच्च्या तंबाखूवर १९४३ पासून १९७९ पर्यंत अबकारी कर होता आणि तो केंद्राचा होता. शिवारातल्या पिकावरचा हा कर दिल्लीला जाई. छत्तीस वर्षे हा ओघ चालू होता. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले, त्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली. ते आंदोलन भावाचे म्हणून ओळखले जाते आणि तसे ते होतेच. पण तंबाखू पिकवणाऱ्या या मुलखाचा दिल्लीशी जुना आर्थिक संबंध होता, हे त्या इतिहासात सहसा सांगितले जात नाही.

दिल्लीकडून परत आलेल्या पैशाचेही एक उदाहरण याच गावात आहे आणि मला ते फार बोलके वाटते. १९७६ मध्ये संसदेने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला. विड्यांवर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांच्या आरोग्याला, घरांना आणि मुलांच्या शिक्षणाला पैसा द्यायचा, अशी त्याची रचना होती. विडी वळणाऱ्या बाईचे मूल शाळेत जाते, एवढ्यावर शिष्यवृत्ती ठरे. ते मूल मराठी शाळेत जाते, कन्नड की उर्दू, हे विचारण्याचे कारण नव्हते. आई कर्नाटकात मोडते की महाराष्ट्रात, हाही प्रश्न नव्हता. केंद्राचा पैसा थेट आणि भेदाशिवाय सीमाभागातल्या मुलापर्यंत पोचू शकतो, याचा हा जिवंत दाखला. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. शिष्यवृत्ती श्रम मंत्रालयाच्या योजनेतून पुढे चालू राहिली, पण विडीतून आलेला पैसा विडी कामगारांसाठीच राखून ठेवणारे कायद्याचे बंधन सुटले. एखादी गोष्ट कायद्याने बांधलेली असणे आणि अंदाजपत्रकाच्या मर्जीवर असणे, यातला फरक पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आता घटनेकडे येऊ. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सांगितले की राज्ये भाषेवर आखली तरी प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची माणसे उरणारच आणि त्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची हमी घटनेने द्यावी. या आयोगाचे एक सदस्य हृदयनाथ कुंझरू होते. गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष. १९११ चा धागा असा १९५५ पर्यंत येऊन पोचतो. आयोगाच्या शिफारशीतून ७ वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम ३५० (क), म्हणजे इंग्रजी क्रमाने ३५० ‘ए’, घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने प्रयत्न करावा, असे ते कलम म्हणते. त्यासाठी राष्ट्रपती राज्याला निर्देशही देऊ शकतात. त्याच्या पुढच्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त, नेमला. या आयुक्तालयाचे एक प्रादेशिक कार्यालय अनेक वर्षे बेळगावात होते.

हे कलम वाचकांनी सावकाश वाचावे. प्रयत्न राज्याने करायचा. निर्देश दिल्लीने द्यायचा. पैसा कोणी द्यायचा, याबद्दल एक शब्दही त्यात नाही. माझ्या मते सीमाभागातल्या शाळांच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. निर्देश देण्याचा अधिकार एकाकडे आणि खर्चाचा भार दुसऱ्याकडे राहिला की निर्देश कागदावर राहतो. ज्या राज्याला आपल्या बहुसंख्य भाषेच्या शाळांसाठीच निधी पुरत नाही, त्याने अल्पसंख्याक भाषेच्या शाळेला आधी पैसा द्यावा, ही अपेक्षा कर्नाटकाकडून, महाराष्ट्राकडून किंवा कोणत्याही राज्याकडून करणे अवघड आहे. इथे कोणाच्या हेतूवर शंका घेण्याची गरज नाही. कोणत्याही राज्याचे मंत्रिमंडळ आपल्या मोठ्या मतदारसमूहालाच आधी उत्तर देते.

या पोकळीचा परिणाम एका जुन्या नियमात दिसतो. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले वेगळ्या मातृभाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. नियम उदार होता. पण खेडेगावात मुलांची संख्या घटू लागली की हाच नियम उलटा फिरतो. निवृत्त झालेल्या मराठी शिक्षकाची जागा रिकामी राहते, अतिथी शिक्षकावर वर्ष निभावते, पालक मुलाला शहरातल्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतात आणि पुढच्या वर्षी संख्या आणखी उतरते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले की मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच घ्या अशी सक्ती राज्य करू शकणार नाही. या निकालानंतर मराठी शाळेपुढे एकच मार्ग उरला आहे, चांगली असण्याचा. आणि चांगल्या शाळेला पूर्ण वेळचे शिक्षक लागतात, म्हणजे पैसा लागतो.

केंद्राने असा पैसा देण्याला आधार काय, असे कोणी विचारेल. आधार घटनेतच आहे. कलम ३३७ ने अँग्लो-इंडियन समाजाच्या शाळांना केंद्र आणि राज्यांकडून मिळणारे अनुदान १९४८ च्या पातळीवर राखले, दर तीन वर्षांनी ते दहा टक्क्यांनी कमी करत दहा वर्षांनी थांबवले आणि बदल्यात त्या शाळांना ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले ठेवायला लावले. एका छोट्या भाषिक समाजाच्या शाळांना केंद्राने पैसा देण्याची कल्पना घटनाकारांना परकी नव्हती. बेळगावातच राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ पासून केंद्राच्या खर्चाने चालते. निपाणी-चिकोडी भागात कोथळीचे नवोदय विद्यालय पूर्णपणे केंद्राचे. बेळगावात केंद्रीय विद्यालये आहेत. निवडून घेतलेल्या मुलांसाठी आणि बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी दिल्ली सगळा खर्च उचलते. मग आपल्याच घटनेने ज्यांच्यासाठी दिल्लीला निर्देशाचा अधिकार दिला, त्या मुलांसाठी खर्चाचा मोठा भाग उचलण्यात अडचण ती कोणती?

परदेशातले एक उदाहरण या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे. तरीही १९७० पासून तिथले संघ सरकार अल्पसंख्याक भाषेच्या शिक्षणासाठी प्रांतांना पैसा देत आले आहे: क्युबेकमध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आणि इतर प्रांतांत फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी. १९८२ च्या हक्कसनदेने या शिक्षणाला घटनात्मक आधारही दिला. शाळा प्रांतच चालवतात, अभ्यासक्रम प्रांतांचाच असतो. कोण्या एका प्रांताच्या बहुमतापुढे ज्यांचे बळ कमी पडते त्यांचा भार साऱ्या देशाने वाटून घ्यावा, हे तत्त्व तिथे स्वीकारलेले आहे.

आक्षेपही समजून घ्यायला हवेत. पहिला आक्षेप असा की केंद्र करांचा मोठा वाटा राज्यांना देतेच, मग पुन्हा वेगळा पैसा कशाला? पण उपकरांचा पैसा त्या वाटणीत येत नाही. २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी २ टक्के उपकर सुरू झाला, आज आरोग्य आणि शिक्षणाचा मिळून ४ टक्के उपकर आहे आणि तो राज्यांबरोबर वाटला जात नाही. शिक्षणाच्या नावाने गोळा झालेला हा पैसा शिक्षणापर्यंत नेण्याची जबाबदारी म्हणूनच पूर्णपणे केंद्राची ठरते. कर्नाटकाचा करांच्या वाटणीतला हिस्सा १४ व्या वित्त आयोगात ४.७१३ टक्के होता, तो १५ व्यात ३.६४७ वर आला. ही त्या राज्याची जाहीर तक्रार आहे आणि सीमाभागातल्या शाळांसाठी त्याच्याकडे अधिक मागताना ती ऐकून घेणे न्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दिल्लीचा पैसा अटींसह येतो. हे खरे आहे. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा कर्नाटकातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत बेळगाव होता, कारण स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेले जिल्हे निवडले गेले होते. त्यात केंद्राचा वाटा ८५ टक्के होता. कार्यक्रम संपला आणि जिल्हा पुन्हा पुढच्या योजनेच्या रांगेत गेला. सर्व शिक्षा अभियानात केंद्राचा हिस्सा ८५ वरून ७५, मग ६५ आणि शेवटी ६० झाला. २०२४-२५ मध्ये ‘पीएम श्री’ या केंद्राच्या शाळा-योजनेच्या करारावरून तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा निधी अडला, तेव्हा त्या वादाशी काही संबंध नसलेल्या शाळांनाही झळ पोचली. म्हणून माझे मत असे झाले आहे की हा पैसा योजनेतून न येता कायद्यातून यावा. त्याची मोजणी मुलांच्या संख्येवर आणि शिक्षकांच्या पदांवर व्हावी, अट एकच असावी की तो त्या शाळेवर खर्च झाला पाहिजे, आणि नेमणुका, इमारत, देखरेख राज्याकडे व गावच्या शाळा सुधारणा समितीकडेच राहावी. ४० आणि १० चा जुना नियम त्या कायद्यात बसवता येईल. फक्त संख्या थोडी खाली आली म्हणून शिक्षक लगेच काढला जाणार नाही, अशी काही वर्षांची मुदत त्यात असावी.

सीमेच्या पलीकडे तोंड करून हा विषय पाहिल्याशिवाय तो पुरा होत नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत आणि महाराष्ट्राची पाठ्यपुस्तक संस्था बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पुस्तके छापते. शिक्षकांच्या जागा, घटती संख्या, दूरचे तालुक्याचे गाव, ही दुखणी तिथेही आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी या शाळांना खास अनुदान जाहीर केले तेव्हा महाराष्ट्रात खळबळ झाली. महाराष्ट्र सीमाभागातल्या मराठी संस्थांना साहाय्य देतो तेव्हा पलीकडेही तीच भावना उठते. शेजारच्या राज्याने दिलेला पैसा हक्क सांगायला आल्यासारखा वाटतो. केंद्राने जतच्या कन्नड मुलाला आणि निपाणीच्या मराठी मुलाला एकाच कायद्याने, एकाच दराने पैसा दिला तर त्यात कोणाचा दावा जागा होत नाही. सीमेचा वाद न्यायालयात आपल्या गतीने चालू शकतो. पहिलीत बसलेल्या मुलाला मात्र त्या निकालापर्यंत थांबता येत नाही.

या अभ्यासाला बसणाऱ्या नव्या वाचकाने भाषणे आणि अग्रलेख थोडे मागे ठेवावेत. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या नोंदीत प्रत्येक शाळेचे माध्यम, मुलांची संख्या आणि शिक्षक दिलेले असतात, तिथून सुरुवात करा. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी हा स्वतंत्र शैक्षणिक जिल्हा आहे. निपाणी त्यात येते आणि खानापूर बेळगावच्या शैक्षणिक जिल्ह्यात, हे आकडे जुळवताना लक्षात ठेवा. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवले जातात. ते रूक्ष असले तरी एका राज्याने प्रश्नावलीला काय उत्तर दिले आणि काय दिले नाही, हे त्यांतून कळते. मग जवळच्या एका शाळेत जा, मुख्याध्यापकांच्या परवानगीने अनुदानाची वही पाहा आणि शिक्षकांशी बोला. या भागात चांगल्या शिक्षकांची परंपरा मोठी आहे. निपाणीजवळच्या तवंदीशी नाते सांगणाऱ्या कवयित्री इंदिरा संतांनी बेळगावात पुढचे शिक्षक घडवण्याचे काम दीर्घकाळ केले. आजचे शिक्षकही मोकळेपणाने बोलतात. कोणत्या वर्षी कोणता पैसा आला, तो कशावर खर्च झाला आणि कोणत्या वर्षी आला नाही, हे विचारा. दोन शाळांच्या वह्या, एक निपाणीकडची मराठी आणि एक जतकडची कन्नड, शेजारी ठेवून वाचता आल्या तर मी वर मांडलेला युक्तिवाद कुठे टिकतो आणि कुठे दुरुस्त करायला हवा, हे तुम्हालाच ठरवता येईल.